पेट्रिचोर म्हणालात, म्हणून काय बिघडलं?

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 47. शाळा मराठी माध्यमाची, पुढे बी.कॉम., आणि गेली 20 वर्षं एका खाजगी कंपनीत हिशेबाचं काम. ऑफिसात गुजराती, घरात मराठी, इंग्रजी मेल लिहिण्यापुरती. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका जाडजूड इंग्रजी डिक्शनरीने त्यांना जे वेड लावलं ते आजही आहे. सहसा कुणी वापरत नाही असे, चमत्कारिक वाटणारे इंग्रजी शब्द त्या एका वहीत उतरवून ठेवतात. अशा 9 वह्या भरल्या आहेत. यंदा पहिल्या पावसात सगळे गच्चीवर असताना त्या हरखून म्हणाल्या, "आला बघा पेट्रिचोर!" म्हणजे पहिल्या पावसातला मातीचा वास. दहावीतला मुलगा सगळ्यांदेखत हसला, "आई, पेट्रिकोर! चोर नाही. आधी नीट बोलायला तरी शीक." पुण्याहून आलेल्या नणंदबाईही हसल्या. त्याच आठवड्यात त्यांनी ऑफिसच्या मेलमध्ये 'उशीर' या अर्थी 'कंक्टेशन' असा शब्द घातला, समोरच्या पार्टीचा फोन आला आणि साहेबांनी त्यांना आत बोलावून 'साधं लिहा' म्हणून सांगितलं. सासरे निवृत्त मराठी शिक्षक. ते म्हणाले, "शब्दांवर एवढं प्रेम असेल तर आपल्या मराठीवर करा. बडोद्यातली मराठी आधीच आटत चाललीय." त्या विचारतात : हे सगळं मिरवणं आहे का? वह्या माळ्यावर टाकून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि मराठीशी मी खरंच बेइमानी करते आहे का?

*

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. तुम्ही लिहिलंय, "रात्री ओटा आवरून झाला की पंधरा मिनिटं वही घेऊन बसते, तेवढ्यात दिवसभराचा शीण जातो." हे वाक्य पाचव्या पानावर, दोन तक्रारींच्या मध्ये कुठेतरी आलंय. मला ते पहिल्या पानावर हवं होतं. बाकी सगळं या पंधरा मिनिटांभोवतीच तर फिरतंय.

मुलाचं हसणं, साहेबांचं बोलावणं आणि सासऱ्यांचं म्हणणं या तिन्हींचं तुम्ही एकच गाठोडं बांधलंत आणि ते उचलवेना म्हणून आता वह्याच माळ्यावर टाकायला निघालात. आपण गाठोडं सोडून एकेक गोष्ट बघू. या तिघांबद्दल माझं मत सारखं नाही.

आधी मुलाचं. तुम्ही पेट्रिचोर का म्हणालात? तर तसं लिहिलेलं असतं म्हणून. तुम्ही आणि मी मराठी शाळेत शिकलो. आपल्याकडे अक्षर जसं दिसतं तसं बोलतं, निदान पुष्कळसं. त्यामुळे छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली असते. इंग्रजीत तसं नाही. इंग्लंडमध्ये 1476 साली कॅक्स्टनने छापखाना सुरू केला आणि पुढे हळूहळू स्पेलिंगं पक्की होत गेली. लोकांच्या तोंडातले उच्चार मात्र त्या काळात आणि नंतरही बदलत राहिले. शिवाय ग्रीक, लॅटिन, फ्रेंच असे चारी दिशांचे शब्द आले ते आपापली स्पेलिंगं घेऊन. ग्रीक शब्दातल्या ज्या सी-एच या जोडीचा उच्चार 'क' होतो, तीच जोडी खुर्चीच्या चेअरमध्ये 'च' होते. 'कर्नल'च्या स्पेलिंगमध्ये तर र नावालाही नाही. हे कुणी कानाने शिकवल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्हाला शिकवायला समोर कोण होतं? रद्दीतली एक डिक्शनरी.

बडोद्यात राहता, म्हणून एक उदाहरण तुमच्या रोजच्या बघण्यातलं. ऑफिसातल्या तुमच्या गुजराती मैत्रिणी प्रेमाने मराठी बोलतात तेव्हा 'चांगलं'मधला च 'चिवडा'तल्या चसारखा म्हणतात. गुजरातीत आपल्या 'चमचा'मधला च नाहीच, आणि मराठी लिपी दोन्ही चना एकच अक्षर देते, तर त्यांना कळणार कसं? त्यावरून तुम्ही कधी कुणाला हसलात का? उलट आपलं बोलायचा प्रयत्न करतेय म्हणून बरंच वाटलं असेल. तोच न्याय स्वतःला लावा.

हे मी वरवर समजूत घालायला लिहीत नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेत मी एका इंग्रजी शब्दाचा उच्चार भलताच केला होता. 'दिशाभूल झालेला' या अर्थाचा साधा 'मिसलेड', पण पुस्तकात अखंड वाचून वाचून माझ्या डोक्यात तो 'मायझल्ड' असा बसला होता. समोरचे परीक्षक शेजारच्यांकडे बघून हसले. अर्थ मला बरोबर माहीत होता, वाक्यातही तो मी बरोबर वापरला होता. पण त्या वर्षी मी वर्गात पुन्हा तोंड उघडलं नाही. म्हणून गच्चीवरचा तो क्षण तुम्ही लिहिलात तेव्हा मला तुमचा चेहरा दिसला.

यावर उपाय अगदी छोटा आहे. फोनवरच्या कोणत्याही चांगल्या डिक्शनरीत शब्दाशेजारी कर्ण्याचं चिन्ह असतं. शब्द वहीत उतरवण्याआधी ते दाबा, तीनदा ऐका, मग कंसात देवनागरीत उच्चार लिहा. आपली लिपी या कामाला इतकी पुरेशी आहे की इंग्रजी पुस्तकातल्या त्या उलट्यासुलट्या उच्चारचिन्हांची तुम्हाला गरजच पडणार नाही. जुन्या 9 वह्यांतले उच्चार एकदम तपासायला बसू नका, त्याचं ओझं होईल. रोज दोन शब्द.

आणि मुलाशी बोला, पण सगळ्यांसमोर नाही आणि जेवताना तर नाहीच. त्याला एवढंच सांगा की "तू उच्चार दुरुस्त केलास ते बरं केलंस, पण आत्यासमोर 'बोलायला तरी शीक' म्हणालास ते मला लागलं." दोन्ही अर्धं अर्धं खरं आहे आणि 15 वर्षांच्या मुलाला दोन्ही कळतं. त्या वयात आईबापांचं इंग्रजी मित्रांना आणि नातेवाइकांना ऐकू जाऊ नये असं पुष्कळ मुलांना वाटतं. त्याला तुमची लाज वाटते असा अर्थ तुम्ही काढलाय. मला वाटतं त्याला स्वतःच्या इंग्रजीची काळजी आहे आणि ती तुमच्यावर निघाली. मग त्यालाच वहीतले दोन शब्द वाचून दाखवायला सांगा.

तो शब्द तरी किती सुंदर आहे! तुमच्या मुलाला उच्चार ठाऊक होता, पण गोष्ट ठाऊक आहे का विचारा. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 1964 साली 'नेचर' या नियतकालिकात हा शब्द पहिल्यांदा वापरला. ग्रीक भाषेतला दगड आणि ग्रीक पुराणांत देवांच्या नसांतून रक्ताऐवजी जे वाहतं ते 'इकोर', या दोन्हींचा जोड. तापलेल्या कोरड्या दगडमातीत झिरपलेली तेलं पहिल्या सरीबरोबर हवेत येतात, त्यांचा हा वास. त्यात जमिनीतले सूक्ष्मजीव तयार करतात ते जिओस्मिन नावाचं द्रव्यही मिसळतं. आणि मला सगळ्यात आवडणारा भाग असा : त्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात कनौजच्या मातीच्या अत्तराची नोंद केलीय. ज्या वासाला नाव नव्हतं तो वास आपले अत्तरवाले कधीपासून कुपीत भरून विकत होते. म्हणजे गच्चीवर तुमच्या तोंडून जो शब्द निघाला त्याच्यात ऑस्ट्रेलिया, ग्रीस आणि कनौज तिन्ही होते. एका च वरून त्याला गच्चीवरून खाली ढकलायचं?

आता साहेब. इथे मी साहेबांच्या बाजूने आहे, ताई, आणि तुम्हाला ते आवडणार नाही. कंक्टेशन शब्द मोठा आहे यात शंका नाही. रोमवर चालून आलेल्या हॅनिबलशी समोरासमोर लढायचं टाळून त्याला झुलवत ठेवणाऱ्या फेबियस या रोमन सेनापतीला 'कंक्टेटर', म्हणजे वेळ काढणारा, असं टोपणनाव पडलं होतं, त्याच धातूतला हा शब्द. तुमच्या वहीत तो शोभतो. पण पेमेंटची वाट बघत बसलेल्या माणसाला हॅनिबल नको होता, तारीख हवी होती.

आणि पत्राच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही एक प्रामाणिक गोष्ट लिहून गेलात, तिच्याकडे परत जा. "ऑफिसात नवीन आलेली मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते. मेल तिला पण सीसीमध्ये होती." म्हणजे तो शब्द पार्टीसाठी नव्हताच. तुम्ही विचारता, हे मिरवणं आहे का? माझं उत्तर असं की गच्चीवर नव्हतं, मेलमध्ये थोडंसं होतं. दोन्ही ठिकाणी शब्द वहीतलाच, पण गच्चीवर तो तुमच्या तोंडून आपसूक निघाला आणि मेलमध्ये तुम्ही तो कुणालातरी दाखवायला ठेवलात. यात फार मोठं पाप नाही. ज्या भाषेने आपल्याला वर्षानुवर्षं दाराबाहेर उभं केलं, तिच्यातली एखादी दुर्मीळ वस्तू आपल्या हाती लागली की ती दाखवावीशी वाटणारच. फक्त त्यातून तुम्हाला हवं होतं ते मिळत नाही. त्या मुलीला वाटलं असेल की बाईंनी काहीतरी चुकीचं लिहिलं.

क्लासबद्दल म्हणाल तर कामासाठी, फोनवर बोलण्यासाठी गरज वाटत असेल तर खुशाल लावा. 47 हे वय त्यासाठी मुळीच जास्त नाही. पण वह्या 'ऐवजी' म्हणून लावू नका. क्लासमध्ये बोलायला शिकाल. वहीत तुम्ही बोलायला शिकत नव्हताच, तुम्ही बघत होता. एखादा माणूस पोहायच्या क्लासला जातो म्हणून संध्याकाळी सुरसागरच्या काठावर बसायचं सोडत नाही.

आता सासऱ्यांकडे वळते. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त लागलं आणि सगळ्यात जास्त वेळ मी त्यावर घालवला. बडोद्यातली मराठी आटतेय हे त्यांचं दुःख खरं आहे. ज्यांनी दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठी कानावर घेत आयुष्य काढलं, मराठी शाळेत शिकवलं, त्यांना आज नातवाच्या तोंडी मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी ऐकताना काय होत असेल! पण त्या आटण्याला तुमच्या वह्या कारण नाहीत. मराठी शाळांत पोरं घालायचं आपणच थांबवलं, नोकरी दुसऱ्या भाषेत मिळते, आणि घरात मुलांशी बोलायला वेळ कमी पडतो. रात्री पंधरा मिनिटं शब्दांजवळ बसणारी बाई ही त्या घरातली त्यांची सगळ्यात जवळची माणूस आहे. हे त्यांना अजून दिसलेलं नाही, कारण तुम्ही वह्या त्यांच्यापासून लपवून ठेवल्यात.

त्यांना मोल्सवर्थची आठवण करून द्या. मराठी शिकवलेल्या माणसाने मोल्सवर्थ चाळला नाही असं होणार नाही. कंपनी सरकारच्या फौजेतला एक इंग्रज अधिकारी मराठी शब्दांच्या नादी लागतो, पंडितांना हाताशी धरून गावोगावचे शब्द गोळा करतो आणि 1831 साली मराठी-इंग्रजी कोश छापून होतो. मग 1857 साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती. आज आपल्या आजीच्या तोंडचा एखादा शब्द अडला तर आपण जातो तो त्या परक्या माणसाच्या कोशाकडे. त्याच्या इंग्रजीचं त्यात काय कमी झालं?

आणि इतकं लांबही जायला नको. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, जन्मले ते आपल्या बडोद्यातच, 1894 साली. फारसीवर या माणसाचा इतका जीव की 1925 साली त्यांनी फारसी-मराठी कोश तयार केला. आणि याच माणसाने पुढे मराठीतले परके शब्द दूर करण्यासाठी भाषाशुद्धीचा कैवार घेतला. मला यात कुठेही विसंगती दिसत नाही. परक्या शब्दांत मनापासून बुडाल्यावरच आपले शब्द कुठले हे त्यांना नेमकं कळलं असणार. भाषाशुद्धीचा आग्रह मला स्वतःला झेपत नाही, पण तो बोलायचा अधिकार त्यांनी कमावला होता.

पुढे जाऊन सांगते. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' नावाचा कोश निघाला. कारभारात लागणाऱ्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे सात भाषांतले प्रतिशब्द. म्हणजे एकच इंग्रजी शब्द मधे ठेवून सगळ्या भाषांना त्याच्याभोवती बसवायचं काम आपल्या गावाने सरकारी खर्चाने करून ठेवलंय. तुम्ही घरच्या खर्चाने तेच करताय, त्यातले दोन रकाने फक्त अजून रिकामे आहेत.

ते कसे भरायचे याचा एक नमुना देते. 'चोरून ऐकणे' याला इंग्रजीत 'इव्ह्जड्रॉप' म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच, हा काही दुर्मीळ शब्द नाही. पण तो फोडून बघा. 'इव्ह्ज' म्हणजे घराच्या छपराची बाहेर आलेली कड. आणि मूळच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ होता त्या कडेवरून खाली ठिबकणारं पाणी, आणि ते जिथे पडतं ती भिंतीलगतची पट्टी. त्या पट्टीत उभा राहून आतलं बोलणं ऐकणारा तो इव्ह्जड्रॉपर. जुन्या इंग्लंडच्या कायद्यात हा शेजाऱ्यांना उपद्रव म्हणून गुन्हा होता. आता मराठीत या. छपराच्या त्या कडेला आपण वळचण म्हणतो. तिच्यावरून गळणाऱ्या धारांना पागोळ्या. आणि चोरून ऐकणारा माणूस आपल्याकडेही उभा राहतो तो वळचणीलाच. तिकडच्या आणि इकडच्या पावसाने एकच जागा दाखवली, एकच चित्र काढलं. सपाट गच्चीच्या घरात वाढलेल्या तुमच्या मुलाला वळचण, पागोळ्या हे शब्द बहुधा माहीत नसतील. ते त्याच्यापर्यंत एका इंग्रजी शब्दाच्या पाठीवर बसून पोचले तर सासऱ्यांची हरकत असेल का?

उलट्या बाजूनेही बघा. तुमच्या यादीत 'ऑर्ट' हा शब्द आहे, जेवणानंतर ताटात उरलेलं. इंग्रजीत तो आता जवळजवळ मेलेला. आपल्याकडे मात्र उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, शिळं वेगळं. कुणाच्या तोंडाचं लागलंय, भांड्याला काय चिकटलंय, कालचं की आजचं, हे सगळं आपल्याला वेगवेगळं सांगावं लागतं. गुजराती मैत्रिणीला विचारलंत तर ती 'एंठुं' म्हणेल. ऑर्टसमोर हे चार शब्द लिहिल्यावर मराठी स्वयंपाकघर किती बारकाईने बघतं ते ध्यानात येतं, आणि ते त्या मेलेल्या इंग्रजी शब्दाने दाखवलं.

कधी मराठीचा रकाना रिकामाच राहील, तोही राहू द्या. 'मॉन्डेग्रीन' घ्या. सिल्व्हिया राइट या लेखिकेने 1954 साली लिहिलं की लहानपणी आई एक जुना स्कॉटिश पोवाडा वाचून दाखवायची. त्यात सरदाराला मारलं 'अँड लेड हिम ऑन द ग्रीन', म्हणजे हिरवळीवर निजवलं, अशी ओळ होती. तिला ऐकू यायचं 'अँड लेडी मॉन्डेग्रीन'. सरदाराबरोबर एक बाईही मेली असं ती कित्येक वर्षं समजत होती आणि त्या बाईसाठी हळहळत होती. तेव्हापासून गाण्यातल्या चुकीच्या ऐकण्याला हे नाव पडलं. आता गणपतीच्या आरतीला आपल्या घरात काय चालतं ते आठवा. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' म्हणत आपल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या! मीही लहानपणी देव्हाऱ्याच्या फळीकडे बघून नमस्कार करत असे. ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, नाव तेवढं नव्हतं. ते तिकडून आलं. तसंच त्यांच्याकडे एका प्राण्याला नाव नव्हतं, ते आपल्याकडून गेलं. इंग्रजी 'माँगूस' म्हणजे आपलंच मराठी मुंगूस, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे वस्तीला आहे. हे सासऱ्यांना सांगा, त्यांचा त्या दिवसाचा चहा गोड होईल.

म्हणून मी तुम्हाला दहावी वही वेगळ्या रीतीने सुरू करायला सांगणार आहे. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, शब्द कुठून आला, आणि तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य. सुटा शब्द वहीत पडून वाळतो, वाक्यासकट उतरवला तर वर्षानेही आठवतो. उजवं पान कोरं ठेवा आणि ते सासऱ्यांकडे द्या. "बाबा, याला आपल्याकडे काय म्हणायचे?" एवढंच विचारा. शिक्षकाला निवृत्तीनंतर कुणी प्रश्न विचारत नाही. गुजराती रकाना ऑफिसातल्या मैत्रिणींकडून भरून घ्या. त्या नवीन मुलीलाही विचारा, तिच्याशी बोलायला याहून बरं निमित्त मिळणार नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळा. असे शब्द गोळा करणाऱ्या सगळ्यांसाठीच हे आहे, मग ते इंग्रजी असोत, उर्दू असोत की जुन्या पोथ्यांतले. 'जगातले सर्वात विचित्र 50 शब्द' अशा ज्या याद्या फोनवर फिरतात, त्यांतला प्रत्येक शब्द खरा नसतो. छापलेल्या कोशांनाही चकवे लागलेले आहेत. वेब्स्टरच्या 1934 सालच्या प्रतिष्ठित अमेरिकी डिक्शनरीत 'डॉर्ड' असा शब्द होता, अर्थ दिला होता 'घनता'. असा शब्दच नव्हता. 'घनता'साठी मोठा डी किंवा छोटा डी हे अक्षर वापरतात, अशी एका चिठ्ठीवर नोंद होती. मधल्या 'किंवा'सकट, म्हणजे इंग्रजी 'ऑर'सकट, ती चार अक्षरं कुणीतरी एक शब्द म्हणून वाचली. 1939 साली एका संपादकाच्या नजरेस हे आलं. तेव्हा शब्द वहीत घेण्याआधी दोन चांगल्या कोशांत बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं. त्यात प्रत्येक शब्दाखाली तो कुणी, कधी, कोणत्या वाक्यात वापरला ते दिलेलं असतं. एखादा रविवार काढून मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून राज्यभर ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिचं हे मुख्य घर. कोशांचे विभाग विचारून घ्या, कल्पतरूची चौकशी करा. सासऱ्यांना बरोबर न्या. येताना सेव उसळ खाऊन या, म्हणजे मुलगाही येईल.

माळ्याचं म्हणाल तर माळ्यावर तुमची ती रद्दीतली डिक्शनरी असेलच. ती खाली काढा.

दहाव्या वहीचा पहिला शब्द मी सुचवते. 'ॲप्रिसिटी'. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरमच्या 1623 सालच्या कोशात तो आहे, आणि त्यानंतर जवळजवळ कुणीच तो वापरला नाही. चारशे वर्षं नुसता कोशात बसून राहिलेला शब्द. सासऱ्यांना विचारा, डिसेंबरात सकाळी दहाच्या सुमाराला ओट्यावर पाठ करून बसलं की पाठीला जे लागतं त्याला काय म्हणायचं? 'कोवळं ऊन' म्हणाले तर मान्य करू नका, कोवळं ऊन वैशाखातही असतं. माझ्या आजीचा यासाठी एक शब्द होता. तो मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांचा शब्द आधी येऊ दे, मग मी माझा कळवते.

तुमच्या उत्तराची वाट बघते आहे.

तुमची,
ताई